सोवळ्याची सबब

बस अजून प्रागच्या हद्दीबाहेरही पडली नव्हती आणि ओता कात्झने मांडीवरचा कागद उलगडून डुकराचा तळलेला काप घातलेला पाव खायला सुरुवात केली.

"झालं सुरू," शेजारच्या सीटवरून त्याची थोरली बहीण मिन्का म्हणाली. "छळछावणी बघायला निघालोय की नदीवर पोहायला?"

"भूक जागा बघून लागत नाही, ताई. तुला सांगायला नको."

"नकोच. म्हणून तर मी घरून खाऊन निघाले."

पुढच्या सीटवर ब्लांका बसली होती. तिने मागे वळून बापाकडे पाहिलंही नाही. ती दातांची डॉक्टर होती. तोंड न उघडणाऱ्या माणसांशी तिचा रोजचाच संबंध होता आणि त्यांच्याशी वाद घालून काही होत नाही हे तिला पंचवीस वर्षांत कळून चुकलं होतं. आज तिने एवढंच ठरवलं होतं, की काय वाट्टेल ते होवो, बाबा तेरेझीनमध्ये बसमधून उतरतील आणि आत जातील. आणि आत गेले की मग ती त्यांना तो प्रश्न विचारेल.

प्रागची ज्यू संस्था दर शरद ऋतूत अशी सहल काढते. मार्गदर्शक बाई बरोबर, दुपारचं जेवण, संध्याकाळी घरी. मिन्का आत्या त्या सहलीला चारदा जाऊन आली होती. ओता एकदाही नाही. लहानपणी ही दोघं भावंडं तेरेझीनमध्ये नाझींच्या कैदेत होती, त्यांची आई तिथेच टायफसने गेली आणि बापाला तिथूनच पूर्वेकडच्या मृत्यूछावण्यांच्या गाडीत घातलं. ताई जाते, तू का जात नाहीस, असं कुणी विचारलं की ओताचं उत्तर ठरलेलं असे, "मी कोहेन आहे."

कोहेन म्हणजे पुरोहिताचं कुळ. कात्झांना ते सोवळं बापाकडून मुलाला मिळत आलेलं. कोहेनने मयताच्या जवळ जायचं नाही, दफनभूमीत पाऊल टाकायचं नाही, विटाळ होतो. आता ओताचं बाकी सोवळं म्हणाल तर आनंदच होता. प्लझेनच्या बिअर कारखान्यात तीस वर्षं इंजिनिअर, शनिवारी कामावर, डुकराचं मांस आणि कोबी जीव की प्राण, सिनगॉगचा उंबरा वर्षा-दोन वर्षांतून एकदा. पण कुणाचं मयत निघालं की याच्यातला कोहेन खडबडून जागा व्हायचा. मिन्का म्हणायची, आमच्या ओताने धर्मातली एकच गोष्ट जपलीय, नाही म्हणायची.

या खेपेला तो चक्क हो म्हणाला. कारण जेरुसलेमहून रुडी आला होता.

रुडी ब्लांकाचा धाकटा भाऊ. वीस वर्षांपूर्वी देश सोडून गेला तेव्हा गिटार वाजवायचा. आता लांब दाढी, काळी हॅट, डब्यात स्वतःच्या हाताने उकडलेली अंडी. हा खराखुरा, नियम पाळणारा कोहेन. ओताने साधा हिशेब केला. मुलगा बसमध्ये बसून राहणारच, मग आपणही त्याच्याजवळ बसायचं, थर्मासमधली कॉफी प्यायची आणि संध्याकाळी घरी. ब्लांकाचं मनही राखलं जाईल. म्हातारा वकील सोबत घेऊनच आला होता म्हणा ना.

"रुडी," त्याने पलीकडच्या सीटवर हाक मारली, "तू आणि मी गाडीतच थांबायचं, बरं का. या बायकांना जाऊ दे. त्यांना कुठलं सोवळं!"

रुडीने अंडं सोलता सोलता वर पाहिलं. "दफनभूमीत मी जाणार नाही, बाबा. दहनगृहातही नाही, ते दफनभूमीतच आहे. पण राखेच्या पेट्या ठेवायचे ती जागा आहे ना, तिथे जाणार आहे. मी आमच्या रब्बींना विचारून आलोय. तिथे आता काही नाही, नुसती रिकामी फळकुटं. कोहेनला मनाई नाही."

ओताचा घास तोंडात तसाच राहिला.

"म्हणजे माझ्या आजीची पेटी जिथे होती तिथे," रुडी म्हणाला. "मी त्यासाठीच आलोय."

"घ्या," मिन्का म्हणाली. "वकील फितूर."

"तू गप्प गं, ताई."

"का गप्प? मजा येतेय."

ब्लांकाला मजा येत नव्हती. ती आता पूर्ण मागे वळली होती, आणि जे ती आत गेल्यावर विचारणार होती ते तिच्या तोंडून तिथेच निसटलं. "बाबांना कशाला रब्बींचं सांगतोस, रुडी? बाबांचं सोवळं तुमच्या रब्बींपेक्षा कडक आहे. आईला पुरताना हे प्लझेनच्या दफनभूमीच्या फाटकाबाहेर उभे होते. रस्त्यावर, भाजीच्या गाडीपाशी. कोहेन ना!"

रुडीच्या हातातलं अंडं खाली गेलं. "कुणाला पुरताना?"

"आईला."

"आपल्या आईला?"

"नाही, शेजारणीच्या! आपल्या आईला. तू आठवड्याने पोचलास, तुला कुणी सांगितलं नाही. मी सांगितलं नाही. लाज वाटली मला."

रुडीने अंडं डब्यात ठेवून झाकण लावलं. मग हळू आवाजात, जणू शाळेतल्या मुलाला शिकवतोय तसा, म्हणाला, "ब्लांका, सात जणांसाठी कोहेनने सोवळं मोडायचं असतं. आई, बाप, मुलगा, मुलगी, भाऊ, बिनलग्नाची बहीण. आणि बायको. परवानगी आहे असं नाही म्हणत मी. आज्ञा आहे. बायकोच्या मयताला कोहेन गेला नाही तर त्याला ओढून न्यायचं, असं लिहिलंय."

"बिनलग्नाची बहीण," मिन्का पुटपुटली. "म्हणजे मी लग्न केलं तिथेच चुकलं."

ब्लांका बापाकडे बघत होती. आई गेल्यापासून बारा वर्षं ती धर्माला शिव्या देत आली होती, सिनगॉगला वर्गणी द्यायची तिने बंद केली होती, रुडीने दाढी वाढवली तेव्हा त्याच्याशी वर्षभर बोलली नव्हती. आणि धर्माने तर काही केलंच नव्हतं! "बाबा," ती म्हणाली, "हे तुम्हाला माहीत होतं?"

ओताने पाव कागदात गुंडाळला आणि डोळे मिटून घेतले.

* * *

तेरेझीनच्या तटाशी बस थांबली. मार्गदर्शक व्लास्ताबाईंनी छत्री उंच धरून माणसं गोळा केली. मिन्का उतरली. ब्लांकाही उतरली, पण उतरताना भावाच्या कानाशी म्हणाली, "मला त्यांच्याशी आता बोलवणार नाही. तू बघ." आयुष्यात पहिल्यांदाच ती काहीतरी त्याच्यावर सोपवत होती, हे रुडीच्या लक्षात आलं.

बसमध्ये दोघंच राहिले. ड्रायव्हर बाहेर सिगारेट ओढत होता.

रुडीला लहानपणचे बाबा आठवत होते. सायकल शिकवताना मागून धरलेली सीट न सोडणारे. "सोडा ना बाबा," तो ओरडायचा, आणि ते धापा टाकत रस्ताभर धावायचे, पण सोडायचे नाहीत. शेवटी सायकल त्याला मिन्का आत्याने शिकवली.

"माहीत होतं तुम्हाला," तो म्हणाला.

"माझे वडील नियम पाठ करून घ्यायचे," ओता म्हणाला. "सात जण. बायको पहिली."

"मग?"

ओता खिडकीबाहेर बघत राहिला. तटाच्या लाल विटा, गवत, एक बाई कुत्रं फिरवत होती.

"बाबा, मी तुमच्या आणि ब्लांकाच्या मध्ये पडत नाही. पण धर्माच्या नावावर हे चालू देणार नाही, ते मला सहन होत नाही. ती सबब संपली. आता तुम्ही नुसतं म्हणा, 'मला जायचं नाही.' एवढंच म्हणा. मीही जाणार नाही. इथे तुमच्याजवळ बसतो, ब्लांकाला मी सांभाळतो."

किती सोपं होतं ते! तीन शब्द. ओताने तोंड उघडलं. साठ वर्षं तो हे वाक्य सोडून बाकी सगळं बोलला होता. बायकोला, मुलांना, शाळेच्या पोरांपुढे भाषण द्यायला बोलावणाऱ्या बाईंना, सगळ्यांना त्याने कोहेन पुढे केला होता. आता कोहेन बाजूला झाला तर मागे एक तेरा वर्षांचा पोरगा उभा होता आणि तो काही केल्या 'मला जायचं नाही' म्हणेना.

"आईसाठीसुद्धा, नाही का?" ओताने विचारलं. "त्या सातांत आई आहे."

"आई आहे."

"म्हणजे त्या दिवशी मी हात लावला त्यात पाप नव्हतं."

"कुठल्या दिवशी? कशाला हात लावला?"

समोरच्या सीटची दांडी धरून ओता उठला. गुडघे कुरकुरले, त्याने त्यांना एक शिवी हासडली. "मला जायचंय," तो म्हणाला. "चल. आणि मला धरू नकोस, मी काही पडत नाही."

* * *

मिन्काला व्लास्ताबाईंचं बोलणं आता तोंडपाठ होतं. तटाच्या पोटातली थंड खोली, भिंतीला फळ्या. इथे मृतांची राख पुठ्ठ्याच्या पेट्यांत ठेवत, पेटीवर नाव. घरच्यांना वाटे, युद्ध संपलं की आपलं माणूस आपल्याला मिळेल, गावी नेऊन पुरू. चव्वेचाळीसच्या नोव्हेंबरात हुकूम आला आणि पेट्या इथून हलवण्यात आल्या, राख ओह्रे नदीत टाकण्यात आली.

दर वेळी या वाक्याला मिन्का दुसरीकडे बघे. ती त्या नोव्हेंबरात सतरा वर्षांची होती. लढाईच्या सामानाला लागणाऱ्या अभ्रकाचे पापुद्रे सोलायच्या छपरात दिवसभर बसायची. त्या कामामुळेच ती आणि धाकटा भाऊ पूर्वेच्या गाडीतून वाचले होते. पेट्या गेल्याचं तिला दोन दिवसांनी कळलं होतं. कुणी नेल्या, कशा नेल्या, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

"कुणी हलवल्या ते सांगा ना, बाई."

दारातून आलेला आवाज ओताचा होता. टोपी हातात, पाठीमागे रुडीची काळी हॅट. ब्लांका भिंतीला टेकून उभी होती, ती ताठ झाली.

"कैद्यांनी," व्लास्ताबाई सावरून म्हणाल्या. "मुलांनाही कामाला लावलं होतं."

"मुलांनाच. मोठी माणसं उरली होती कुठे? या खोलीतून बाहेर ट्रकपर्यंत आमची ओळ होती. याच्या हातातून त्याच्या हातात, त्याच्या हातातून पुढच्याच्या. मी इथे होतो. या उंबऱ्यावर." त्याने बुटाने उंबरा दाखवला. "पोरं मस्ती करत होती हो. पेटी कानाशी हलवून बघायची. नावं मोठ्याने वाचायची. हा बघा आमचा गणिताचा मास्तर चालला, ही बघा अमक्याची आजी. मीही वाचत होतो. मीही हसलो होतो."

व्लास्ताबाईंनी छत्री खाली टेकवली.

"मग माझ्या अलीकडचा पोरगा म्हणाला, ओता, ही तुझी. एल्सा कात्झोव्हा. मी घेतली. पिठाच्या पुड्याएवढं वजन. आणि पुढच्या पोराने हात पसरलेलेच होते." ओताने टोपी धरलेले हात पुढे केले. "मी देऊन टाकली. थांबलोसुद्धा नाही. मागून दुसरी येत होती ना. ओळ अडली असती. लोक विचारतात, मारलं का तुम्हाला, धमकावलं का. नाही हो. कुणी काही म्हणालं नाही. मी आपल्या आईला पुढे सरकवलं, विटेसारखं, आणि पुढची पेटी घेतली."

"बाबा," रुडी म्हणाला, "तिला हातात घ्यायचा तुम्हाला हक्क होता. तेच तिचं दफन. बाकी कुणाच्या नशिबी..."

"तू चांगला मुलगा आहेस," ओता म्हणाला, "पण दफन कशाला म्हणतात ते मला कळतं."

मिन्का त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिची उंची त्याच्या छातीइतकी. "आईची पेटी तुझ्या हातात होती."

"हो, ताई."

"आणि मला साठ वर्षं सांगितलं नाहीस."

"नाही."

"त्या संध्याकाळी तू मला सार्डिनचा डबा आणून दिलास." तिचा आवाज चढला. "लाकडं वाहिल्याचा मिळाला म्हणालास. त्याचाच होता ना तो? पेट्या वाहिल्याचा?"

ओताने मान हलवली.

"मी बोटांनी तेल पुसून खाल्लं! डबा चाटला मी, मेल्या!" तिने हातातली पर्स त्याच्या खांद्यावर हाणली, पुन्हा हाणली. पुढे आलेल्या रुडीला ब्लांकाने दंडाला धरून मागे ओढलं. तिसऱ्यांदा पर्स वर गेली आणि तशीच राहिली. मिन्काचा श्वास फुलला होता. तिने पर्स काखेत मारली, रुमाल शोधला, नाक शिंकरलं.

"तू किती खाल्लंस?" तिने विचारलं.

"अर्धा."

"खोटं बोलू नकोस. त्या डब्यात चार मासे होते आणि चारही मी खाल्ले. मला वाटलं, तू तुझा वेगळा डबा आधीच खाल्लास."

ओता हातातली टोपी फिरवत राहिला.

"मूर्ख," मिन्का म्हणाली. तिने त्याच्या कोटाची कॉलर, तिच्याच मारामुळे वाकडी झालेली, सरळ केली. "ऐक. आईची तऱ्हा तुला माहीत आहे. ती असती तर स्वतः त्या ओळीत उभी राहून तिने मासे आणले असते आणि आपल्याला वाटून दिले असते. मेल्यावरसुद्धा तिने आपल्या पोरीला जेवू घातलं, एवढंच झालं. तुझ्या हातून घातलं. आता बास." मग व्लास्ताबाईंकडे वळून ती दरडावून म्हणाली, "बाई, तुम्ही दर वेळी 'हलवण्यात आल्या' म्हणता ना, यापुढे नीट सांगत जा. पोरांनी हलवल्या. त्यात आमचा ओता होता."

"सांगेन," व्लास्ताबाई म्हणाल्या.

* * *

बाकीची मंडळी दफनभूमीकडे गेली, मिन्काही गेली. "मला चालतं, मी कुठली कोहेन," असं म्हणून तिने रुडीच्या डब्यातलं एक अंडंही नेलं. रुडी रस्त्याच्या पलीकडे थांबला, कारण त्याचं सोवळं खरं होतं. तटाखालच्या बाकावर ब्लांका आणि ओता उरले.

तिला आता राग आठवत नव्हता, आणि त्याचाच तिला राग येत होता. बारा वर्षं जपलेली गोष्ट अशी कुणी हातातून काढून घेतली तर माणसाने करायचं काय? पण प्रश्न तिचा होता आणि तो विचारल्याशिवाय ती इथून हलणार नव्हती.

"आईच्या वेळचं सांगा," ती म्हणाली. "इथलं कळलं. तिथलं मला अजून कळलं नाही."

ओताने सांगितलं. फाटकातून त्याला सगळं दिसत होतं. ज्यूंमध्ये माती लोटायचं फावडं कुणी कुणाच्या हातात देत नाही. आपलं झालं की ते मातीत रोवायचं, पुढच्याने ते स्वतः उचलायचं, म्हणजे दुःख एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जात नाही. ब्लांकाने रोवलं, तिच्या आईच्या, विल्माच्या भावाने उचललं, त्याने रोवलं. मग ते तसंच उभं राहिलं. सगळे फाटकाकडे बघायला लागले. पाळी नवऱ्याची होती.

"मी निघालो होतो, ब्लांका. एक पाऊल आत टाकलंही होतं. पण पुन्हा माझ्याच हाताने? एकदा पुढे सरकवलं होतं मी घरातल्या बाईला. विल्मालाही मीच पुढे सरकवू? मला जमेना. आणि मग कुणीतरी म्हणालं, अरे, तो कोहेन आहे, त्याला बोलावू नका. किती बरं वाटलं मला! मी लगेच पाऊल मागे घेतलं."

ब्लांका रडत होती. रडत रडतच, तिच्या दवाखान्यातल्या आवाजात, ती म्हणाली, "सगळे वाट बघत होते बाबा. शेवटी मी परत ते फावडं उचललं. तुमच्या वाटणीची माती मी टाकली."

"पाहिलं मी."

"तीन फावडी. मोजून. लोकांना वाटलं मुलीला भान राहिलं नाही."

"पाहिलं, पोरी." ओताने टोपी डोक्यावर घातली, बाकाच्या पाठीला हात टेकून उभा राहिला. "उद्या सकाळच्या गाडीने मला प्लझेनला ने. रुडीलाही घेऊ, त्याची आई आहे ती. ती सूट पुरेपर्यंतच असते, पण फाटकापर्यंत तरी तो येईलच."

"उद्या माझे पेशंट आहेत."

"त्यांना दात दुखत राहू दे एक दिवस."

"आणि तिथे जाऊन करणार काय तुम्ही? बारा वर्षं झाली. गवत उगवलंय, दगड बसवलाय. तुमच्या वाटची माती मी टाकली म्हणतेय ना."

"ती तुझी होती," ओता म्हणाला. "माझी राहिलीय."